मोड आणि मोडी

"तोंड काय बघतोस? कडा वाच, कडा!"

इंग्रजांच्या काळातलं लढाईचं पदक हातात आलं की म्हातारा ते आधी उभं धरायचा आणि अंगठ्याचं नख कडेवरून हळूहळू फिरवायचा. पदकाच्या तोंडावर राजाचं डोकं, ते सगळ्यांवर सारखंच. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण मात्र कडेवर, बारीक इंग्रजी अक्षरांत. "राजा मेला नि गेला. माणूस कडेला असतो," हे त्याचं पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

नाशिकच्या सराफ बाजारात आमचं चांदीचं दुकान. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतोय. बुधवारी पेठ, कळवण, चांदवडकडची माणसं बाजाराला यायची आणि जुनी चांदी विकायची. तिला आम्ही मोड म्हणतो. मोड परातीत टाकायची आणि संध्याकाळी आटवायची, हा आजोबांपासूनचा शिरस्ता. म्हातारा देवळालीला लष्कराच्या दप्तरात कारकुनी करून निवृत्त झालेला. दर बुधवारी सायकल लावून आमच्या पायरीवर हजर. पिशवीत भिंग आणि शिपायांच्या नोंदी उतरवलेल्या वह्या. आल्या गिऱ्हाइकाच्या गाठोड्यात नाक खुपसायचा. "बाई, घरात कोणी पलटणीत होतं का? कागद चुलीत नाही ना घातले?" बाई घाबरून शेजारच्या दुकानात! असा माणूस तुम्ही तरी किती दिवस सहन केला असता?

वर शिव्या आम्हालाच. "तुम्ही सराफ नव्हे, खाटीक. तुझ्या आजोबानं किती शिपाई आटवले, ठाऊक आहे?" हे भर गिऱ्हाइकांत. वडील हसून त्याला चहा पाजायचे. त्यामुळे तो माझ्या जास्तच डोक्यात जायचा.

एका बुधवारी चांदवडकडच्या एका खेड्यातली आजी आली. ऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. तोडे दाखवायला आणले होते. तोडे काढताना गळ्यातला काळा दोरा बाहेर आला आणि त्यात ओवलेलं पदक दिसलं. म्हातारा टुणकन उठला.

"आजी, हे कुणाचं?"

"बापाचं. मी पाळण्यात होते तवा लढाईवर गेलता. आला नाय. पळून गेला म्हंत्यात. गावात कुणाशी भांडण झालं की अजून माझ्या नातवंडांना पळपुट्याची अवलाद म्हंत्यात."

"पळालेल्याला सरकार चांदी धाडत नाही, आजी." म्हाताऱ्यानं पदक उभं धरलं. कड झिजलेली होती. नाव लागलं, रामा. नंबर अर्धाच लागत होता. "चांगल्या उन्हात तिरपं धरून बघावं लागेल. नंबर मिळाला की तुझा बाप कुठं पडला ते मी लेखी आणून देतो. गावाच्या तोंडावर मार."

आजीनं दोऱ्यासकट पदक काढलं. कनवटीची पुरचुंडीही दिली. तिच्यात एक जुनं पत्र होतं. "पदकासंगंच आलतं. आमच्यात कुणाला वाचता येत नाय. दोन्ही एकत्र ठेव रे बाबा, फारकत करू नको."

पत्र मोडी लिपीत होतं. मोडी वाचणारं आमच्या बाजारात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे माझे वडील. ते त्या दिवशी लग्नाला सिन्नरला गेलेले. म्हणून म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी पुडकं आणलं. आभाळ भरलेलं, त्यामुळे नंबर वाचायचा अजून राहिलेलाच होता. पत्रात पदक गुंडाळलेलं, वर चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर एकच शब्द: मोडी.

तेवढं देऊन गेला असता तर काही झालं नसतं. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं बघून त्याला चेव आला. "नीट ठेव हो. बापाच्या गादीवर बसलास, अक्कल मात्र मोडीत काढलीस." गिऱ्हाईक खो खो हसलं.

मी पुडकं परातीत टाकलं.

आटणीवाल्यानं चिठ्ठी वाचली, कागद बाजूला काढला आणि चांदी मुशीत घातली. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की गफलत झाली, मोडी आणि मोड यांत घोटाळा झाला. सराफाच्या पोराला तेवढा फरक कळत नाही? कळत होता. चांगला कळत होता!

दुसऱ्या दिवशी सिन्नरहून परतलेल्या वडिलांनी म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवलं. बरोबरच्या कुणा शिपायानं लिहिलेलं. "तुमचा रामा पाणी आणाया गेला, तिथे गोळी लागली. मी पाहिले." ना पलटण, ना नंबर. रामा नावाचे छप्पन्न. गाव कशाला ऐकतंय?

म्हातारा परातीकडे बघत होता. "कडा?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुम्हीच मोडी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"हो. मीच लिहिलं होतं." त्यानं पत्राची घडी केली आणि सायकल हातात धरून चालत गेला. मी शिव्यांची वाट बघत होतो. एक तरी द्यायची होती मेल्यानं.

पुढच्या बुधवारी आजी आमच्या पायरीवर बसून बोटं मोडत होती. "स्टँडवर भेटला तो मुडदा. कागद तेवढा दिला नि म्हनला, आजी, पदक माझ्या हातून हरवलं. हरवलं कसलं, इकलं आसंल चोरानं! माझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलं." वडील गादीवर मान खाली घालून बसले होते. त्यांना गफलत माहीत होती, मी जाणूनबुजून परातीत टाकलं ते माहीत नव्हतं. मी काट्यावरची धूळ पुसत राहिलो.

त्यानंतर म्हातारा समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागला. नुसत्या नावावर त्यानं कुठं कुठं अर्ज धाडले. त्या नावाचे ढीगभर शिपाई निघाले. नंबर असता तर एका ओळीचं काम होतं. पुढं एका बुधवारी समोरची पायरी रिकामी राहिली आणि रिकामीच राहिली. मला त्याचा अजून राग येतो. माझं पाप त्याला कुणी घ्यायला सांगितलं होतं?

आजी शेवटची आली तेव्हा पार वाकली होती. तोडे मोडायलाच आणले होते.

"तो चोर मेला का रं?"

"मेला, आजी."

"बरं झालं." तिनं तोडे पुढं सरकवले. मी एक उचलला, उभा धरला आणि कडेवरून नख फिरवू लागलो. माझं मलाच कळलं नाही.

"काय वाचतोस रं बाबा?" आजी म्हणाली. "त्याच्यावर कुनाचं नाव नाय."