पाव इंचाचं ज्ञान

हसणार नाही म्हणत असाल तर सांगतो. जाऊ द्या, हसालच! माझी अक्कल तेव्हा किती तेज होती, ते तरी कळेल.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. सौंदडकडे माझी सासुरवाडी. मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, त्यांच्या वडिलांची दुनाळी बंदूक होती. लायसन होतं. धानात रानडुकरं शिरली की हवेत एक बार काढायचे. त्या वर्षी जुनी काडतुसं संपली. गोंदियाला दुकानात त्यांच्यासोबत कोण गेलं? अर्थात मी! शिकलेला जावई!

दुकानदारानं विचारलं, "चेंबर कितने का है?"

मामाजी तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "बारा बोर!"

"वो तो मोटाई हुई साहब. लंबाई?"

"अरे भाई, कारतूस दे रहे हो या पतलून?"

दुकानातले सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला. दुकानदारानं कपाळावर हात मारला आणि मी बोट दाखवलं तो डबा दिला.

संध्याकाळी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर मामाजींनी काडतूस घातलं. अलगद बसलं! तरी ते म्हणाले, "जवाईबापू, थोडं लांबडं वाटून राह्यलं जी."

झालं! मी खिशातून जुनं, उडवलेलं टरफल काढलं, नव्या काडतुसाशेजारी धरलं. नवं चक्क आखूड!

"बघा! पुरावा!" असं म्हणून मी वीस पावलं मागे, बैलगाडीआड जाऊन उभा राहिलो. आवाजाचा त्रास होतो हो मला.

मामाजींनी बंदूक खांद्याला लावली, तोच धुऱ्यावर ठेवलेला काडतुसांचा डबा बघून शेजारचे हवालदारकाका धावत आले. पोलिसात जन्मभर बंदुकाच दुरुस्त केलेला माणूस. "थांबा जी! काऊन मरून राह्यले?"

त्यांनी बंदूक उघडली, काडतूस काढलं. नळीखालचा पुसट आकडा धोतरानं पुसला. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, अडीच इंच. डब्यावर पावणेतीन.

मी गाडीआडूनच ओरडलो, "पाव इंचानं काय होते?"

"नळी फुटते!" काका म्हणाले. "नव्या काडतुसाचं तोंड दुमडून राहते, म्हनून आखूड दिसते. बार उडाला का घडी उघडते. मंग पुढं जागाच नाही, तं सारा जोर बंदूक धरनाऱ्याच्या तोंडावर!"

मामाजींनी चटकन गाल चाचपला.

"कोनं आनले हे?" काकांनी विचारलं.

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकानदारानंच चुकीचे देल्ले."

देवमाणूस! आणि मी? मान खाली घालावी की नाही? मी पुढे येऊन म्हणालो, "हो ना! आजकाल लोकांना काही ज्ञानच नाही!"

काका म्हणाले, "दुकानदार इचारल्याबिगर देत नाही. सांगनाराच बह्याड असन." बह्याड म्हणजे तिकडे ठार मूर्ख.

मामाजींनी मग मात्र माझ्याकडे पाहिलं.

"बह्याड नाही जी," ते म्हणाले, "शिकलेला हाये."