सोनवण्यांनी खिडकीत मांडलेलं मशीन

सोनवण्यांच्या नितीनचा फोन आला तेव्हा मी दुधाच्या रांगेत उभी होते. "मावशी, बाबा गेले. पहाटे, झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मागच्या माणसाने "बाई, सरका पुढे" म्हटलं, तशी मी सरकले, दोन पिशव्या घेतल्या, घरी आले, दूध तापत ठेवलं... ते उतू जाऊन गॅस विझला तेव्हा कुठे मला कळलं की मधुकर सोनवणे आता नाहीत. या गोष्टीला सात आठवडे झाले.

सोनवणे आणि मी हडपसरच्या एका कारखान्यात उभी हयात काढली. ते टूलरूममध्ये फिटर आणि मी वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायचं, हे माझं काम. त्यात काही चुकलं की जिना चढून वर येणारा पहिला माणूस सोनवणे असायचा. कागद माझ्यासमोर पसरायचे, एका मापावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, असं केलं तर बसेल. फिरणार मात्र नाही." बाकी बोलणं बेताचंच. शर्ट कायम इस्त्रीचा. दुपारी डबा उघडण्याआधी साबण आणि ब्रश घेऊन नखं घासत नळापाशी इतका वेळ उभे राहायचे की बाकीच्यांचं अर्धं जेवण उरकायचं. आम्हाला ती त्यांची टापटीप वाटायची. त्यांचं घर, वडील, बालपण यांबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुण्यात याला सभ्यपणा म्हणतात.

कारखान्यात कॉम्प्युटर आले, ट्रेसरची गरज संपली आणि मी घरी बसले. मागोमाग तेही निवृत्त झाले. दिवाळीला एकमेकांना फोन करायचा, इतपतच संबंध उरला होता. मग एका सकाळी त्यांचा अवेळी फोन आला. "बाई, तुमचा हात अजून चालतो का?" मी विचारलं, कशासाठी? "रेघ ओढायला. माझा आता चालत नाही."

मी हडपसरला त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, विमलवहिनींनी नेटका ठेवलेला. आतल्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांवर एक काळंभोर लोखंडी धूड उभं होतं. शिलाई मशीनच, पण घरात असतं तसं नव्हे. खालचा हात बंदुकीच्या नळीसारखा लांब आणि निमुळता, बाजूला मोठं चाक, अंगावर सोनेरी अक्षरांच्या नुसत्या खुणा आणि बाकी सगळा गंज. "चामड्याचं आहे," सोनवणे म्हणाले. "जर्मन. बुटाच्या आत हा हात घालायचा आणि शिवायचं. सुईशेजारचा हा पाय चारी बाजूंना फिरतो, त्यामुळे बूट फिरवावा लागत नाही." हे सांगताना त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला, तसा डावाही थरथरू लागला. कंपवाताची सुरुवात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाणार.

मी विचारलं, हे तुमच्याकडे कुठून आलं? त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मग ते माझ्याकडे न बघता, मशीनकडे बघत बोलू लागले. त्यांचे वडील, आप्पा, लष्कर भागात एका इंग्रजाच्या दुकानात घोड्यांची खोगिरं आणि बूट शिवायचे. स्वातंत्र्यानंतर तो साहेब मायदेशी निघाला आणि जाताना हे मशीन त्याने आप्पांच्या हवाली केलं. नाना पेठेत एका जिन्याखालच्या जागेत आप्पांनी ते मांडलं. टांग्याच्या घोड्यांचे साज, बूट, शाळेची दप्तरं, सगळं त्यावर शिवलं, त्यावर पाच माणसं जगवली. मुलाला मात्र त्यांनी मशीनला बोट लावू दिलं नाही. मधुकर शाळेतून येऊन जवळ उभा राहिला तरी ओरडायचे, "लांब हो. तुला वास लागंल." मुलगा फिटर झाला, कारखान्याचा बिल्ला लावून घरी आला, त्या दिवशी आप्पांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. आप्पा गेल्यावर सोनवण्यांनी मशीन गोणपाटात गुंडाळलं. दोन घरं बदलली, प्रत्येक वेळी चार हमालांनी ते उचललं, आणि ते कधी उघडलं गेलं नाही. "भंगारात देववलं नाही आणि कुणाला दाखववलंही नाही," ते म्हणाले.

मला एक दिवस आठवला. भर पावसाळा. ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी सगळ्यांच्या भिजक्या चपलांचा वास सुटला होता, आणि मी मोठ्याने म्हटलं होतं, "हे ऑफिस आहे का चांभाराचं दुकान?" सगळे हसले होते. एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभे असलेले सोनवणेही हसले होते. ती नखं, तो ब्रश, ते नळापाशी उभं राहणं... हे सगळं त्या खोलीत मला एकदम उलगडलं. मी म्हटलं, "सोनवणे, मी एकदा ऑफिसात..."

"लक्षात आहे," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, माझं चुकलं. फार चुकलं.  ते म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो, ते माझं चुकलं. तुमचं तुम्ही बघा." आणि एक पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा धरा. घट्ट."

त्यानंतरचे चार महिने मी आठवड्यातून दोनदा हडपसरला गेले. आधी नुसता गंज. रॉकेल पाजायचं, दोन दिवस थांबायचं, पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा रॉकेल. एक स्क्रू तर तीन आठवडे हलला नाही. शेवटी सोनवण्यांनी तो ब्लो लॅम्पने तापवला आणि त्यांच्या सांगण्यावरून मी फिरवला, तेव्हा 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं तुटला. तो सुटला होता. खरी अडचण पुढे निघाली. लांब हाताच्या टोकाशी, आतल्या दोऱ्याचं शटल फिरवणारी एक दात्यांची चकती होती, जेमतेम रुपयाएवढी. तिचे दोन दाते तुटलेले आणि बाकीचे झिजलेले. असा भाग आता कुठे मिळत नाही. म्हणूनच त्यांना माझा हात हवा होता. मी भिंग घेऊन एकेक दाता मोजला, कितीतरी वर्षांनी शाईचं पेन धरलं आणि दहापट मोठं ड्रॉइंग काढलं. ओळखीच्या लेथवाल्याने चकती कापून दिली. ती बसली आणि चाक अर्ध्यावर अडकलं. मला रडूच यायचं बाकी होतं. सोनवण्यांनी चकती बोटांत फिरवून पाहिली. "झिजलेल्या दात्यांवरून माप घेतलंत. ते नवे होते तेव्हा केवढे असतील, ते काढा." मी आठ दिवस आकडेमोड करत बसले. दुसरी चकती फिरली.

मशीन पुरं झालं तेव्हा सोनवण्यांनी ते बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावून मांडायचं ठरवलं. खिडकीसमोरूनच सोसायटीची जायची-यायची वाट. नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा, आयटी कंपनीत. तो म्हणाला, "बाबा, आतल्या खोलीत ठेवू ना. इथून सगळे जातात-येतात, उगाच प्रश्न विचारतील." सोनवणे म्हणाले, "विचारू देत. मला उत्तर माहीत आहे." नितीन त्या रविवारी जेवायला थांबला नाही. पुढचे काही महिने तो यायचा, पण बाहेरच्या खोलीत बसायचा नाही.

पहिली शिवण त्यांनी माझ्यासमोर घातली. चामड्याचा एक उरलेला तुकडा दुमडून मशीनच्या पायाखाली सरकवला, मेण लावलेला दोरा ओवायला मला सांगितलं, आणि स्वतः चाकावर हात ठेवला. हात थरथरतच होता. पण चाक जड होतं, आणि त्या जडपणाला धरून त्यांचा हात हळूहळू स्थिर झाला. टाके पडू लागले, एकामागून एक. वीसेक टाके झाल्यावर ते थांबले. तो तुकडा त्यांनी नाकापाशी नेला आणि डोळे मिटले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

नंतर दोनेक वर्षं ते त्या खिडकीत बसले. सोसायटीतल्या पिशव्यांचे बंद, पट्टे, कुणाची फाटलेली पर्स, सगळं शिवून दिलं. कुणी विचारलं, कुठे शिकलात, तर सांगायचे, "वडील हेच करायचे. नाना पेठेत." पुढे हात फारच कापू लागला तेव्हा ते टाके मला घालायला लावायचे आणि शेजारी बसून चुका काढायचे. टाका वाकडा गेला की उसवायचा आणि पुन्हा घालायचा, यातून माझी सुटका नव्हती.

परवा मी वहिनींना भेटायला गेले. नितीनही होता, आणि बाहेरच्या खोलीतच बसला होता. बोलता बोलता वहिनी उठल्या, मशीनवरची चादर काढली आणि चाक सावकाश फिरवू लागल्या. "रोज दहा फेरे द्यायचे, नाहीतर आत पुन्हा गंज धरेल, असं सांगून ठेवलंय यांनी," त्या म्हणाल्या. "रिकामंच फिरवते. दोरा ओवायला मला येत नाही." मी म्हटलं, मला येतो. चष्मा लावून मी दोरा ओवला. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण शिवायला हाताशी काहीच नव्हतं.

नितीन आत गेला आणि त्याची ऑफिसची बॅग घेऊन आला. तिचा पट्टा एका बाजूने सुटत आला होता. त्याने ती रिकामी केली आणि खिडकीपाशी उभं राहून दोन्ही हातांनी तिचं वजन पेललं. वहिनींनी चाक फिरवलं आणि मी पट्टा धरला. बाहेरून जाणारे एक गृहस्थ थबकले आणि त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" नितीन म्हणाला, "शिवतोय. आजोबांचं मशीन आहे."

शिवण शेवटी थोडी वाकडी गेली. सोनवणे असते तर उसवायला लावली असती. आम्ही ती तशीच ठेवली.