थोरल्या बंदुकीचे सेलेस्टीन काका

बांधावरून आम्ही बरंच चालून गेलो होतो. कोलशेतची शेतं मागे पडली होती. डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला तिवरांची दाट झाडी आणि तिच्यापलीकडे खाडी. पुढे सेलेस्टीन काका, मागे मी. तेवढ्यात पाण्यावरून आमच्या वाडीतल्या क्रुसाजवळची घंटा ऐकू आली. दुपारचे बारा झाले होते. मी जागच्या जागी थांबले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाराच्या घंटेला म्हणायची दूताची प्रार्थना म्हणू लागले.

काका थांबले नाहीत. चालतच राहिले.

हे मला खरंच वाटेना. बाराची घंटा झाली की भर खाडीत वल्हं वर उचलून टोपी काढणारा हा माणूस. एकदा तर माशाने भरलेलं जाळं हातातून सोडलं होतं, म्हणून उर्सुला काकी दोन दिवस फणफणत होती. आणि आज घंटेचे ठोके पडताहेत नि काका खाली चिखलाकडे बघत पुढेच निघालेत. थोड्या वेळाने काहीतरी विचारायला म्हणून ते मागे वळले. मी दूर उभी दिसले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे पाहिलं, आणि हळूच टोपी काढली. माझी प्रार्थना संपली तरी त्यांचे ओठ हलतच होते.

मी जवळ गेले.  मला कळलं होतं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं होतं.

आम्ही एका जखमी बदकाच्या मागे निघालो होतो. सकाळी काकांनी बार टाकला होता आणि एक पाखरू तिवरात शिरलं होतं. ते सापडल्याशिवाय काका घरी जाणार नव्हते, आणि अन्नही घेणार नव्हते. मी त्यांना भाकरी द्यायला आले होते. ती माझ्या हातातल्या फडक्यात तशीच होती.

सेलेस्टीन काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमची वाडी बाळकुमच्या अंगाला. पावसाळ्यात भातशेती, बाकी वर्षभर खाडी. मी तेव्हा ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि शनिवारी घरी येत असे. साऱ्या खाडीकाठी काकांची ओळख एकाच गोष्टीने होती, त्यांच्या थोरल्या बंदुकीने.

बंदुकीचा नंबर जितका लहान तितकी नळी मोठी, हे मला काकांनीच सांगितलं. एक रतल शिशाच्या सारख्या चार गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या तोंडात नेमकी बसेल ती चार नंबरी. काकांची ती होती. उभी केली तर माझ्या डोक्याच्या वर जाई. आजोबा एका साहेबाकडे शिकारीला जात. त्या साहेबाने ती हौसेने विलायतेहून आणवली, एकदा उडवली, महिनाभर हात गळ्यात बांधून फिरला आणि जाताना आजोबांना देऊन गेला. आजोबा ती खांद्याला लावून उडवीत. काकांनीही तरुणपणी तसंच करून पाहिलं. बदकं उडून गेली आणि काका पाण्यात सापडले, खांद्याचं हाड मोडून. उर्सुला काकी तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणे, "बदकांनी याला मारला तो पहिला दिवस."

त्यानंतर काकांनी खांद्याचा नाद सोडला. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाकडी बेचकं ठोकलं, त्यात नळी ठेवली आणि दस्ता काथ्याच्या दोराने होडीला बांधला. बार झाला की दणका होडी घेई आणि सरकन मागे जाई. करवंटीने मापून दारू घालायची, वर काथ्याची डाट गजाने ठासायची, मग पाव रतल छर्रे, पुन्हा डाट. एवढं करून भरतीला एकच बार. कारण तो आवाज झाला की साऱ्या खाडीतली पाखरं उठत, आणि पुढच्या भरतीपर्यंत त्यातलं एकही परत येत नसे. काका होडीत पालथे पडून, पाण्याला हात लावून इंचाइंचाने होडी पुढे नेत. दिवाळीपासून ईस्टरआधीच्या उपासकाळापर्यंत हाच उद्योग. नाताळात ठाण्या-कल्याणच्या कितीतरी घरांत काकांचं बदक शिजे.

मात्र एवढी मोठी बंदूक मारते त्याहून जास्त जखमी करते. छर्रे पसरतात. मधली पाखरं जागीच पडतात, कडेची पंख मोडून तिवरात शिरतात. बाकीचे शिकारी ती सोडून देत. काकाही आधी सोडत. एकदा रविवारी मिस्साला जाताना बांधाच्या खाली त्यांना आदल्या दिवशीचं एक बदक दिसलं. जिवंत होतं. ओहोटीत चिखलावर पडलं होतं आणि चिंबोऱ्या, चिखलातले मोठे खेकडे, त्याला पोटाकडून खात होत्या. ते मान वर करून बघत होतं.

काका मिस्साच्या कपड्यांनिशी चिखलात उतरले. त्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. आपल्या बाराने जखमी झालेलं पाखरू हाती लागून त्याचा जीव सुटेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. आणि एकदा जरी पाखरू मागे ठेवून यावं लागलं, तर बंदूक सोडायची. पाद्रीबाबांनी समजावलं, की अरे, पाखराला आत्मा नसतो, तू उगाच जिवाला त्रास करून घेतोस. काका म्हणाले, "आत्मा नसंल, बाबा. पन डोला हाय."

तिवरात पाखरू दिसत नाही. ते ऐकावं लागतं. पंख चिखलावर आपटतो, किंवा घशातून घरघर येते. काकांबरोबर त्यांचा मुलगा झेवियर होडी वल्हवी. बार झाला की तो वल्ह्याने दाखवी, इकडे, तिकडे. आम्हाला वाटे, काकाच शोधतात. झेवियर त्या वर्षी कल्याणला रेल्वेत लागला. काकांनी त्याच्या जागी आगऱ्यांच्या धाकूला घेतलं. धाकू वल्हवायला चांगला, पण बार झाला की त्याला घर दिसू लागे.

त्या सकाळीही तसंच झालं. पडलेली बदकं गोळा करून धाकू म्हणाला, "चल काका, सगली मेली. आता काय नाय." काकांनी नुसतं एक तिवराचं पान खुडून त्याच्यापुढे धरलं. पानावर ताजं रक्त होतं. धाकू म्हणाला, "मग तू जा. मी हितं होडी राखतंय. चिंबोरीला पन पोट हाय का नाय?" मी तेव्हाच भाकरी घेऊन पोचले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फेली, चल माझ्यासंगती."

मला वाटलं होतं, सोबतीला बोलावताहेत. आता घंटेनंतर कळलं, ते माझे कान बोलावत होते. मग कितीतरी गोष्टी उलगडल्या. देवळात हल्ली ते पहिल्या बाकावर का बसतात. उर्सुला काकी हाक मारमारून का दमते. बार टाकताना ते कानात मेणबत्तीच्या बुडाचं मेण घालत, पण तीस-पस्तीस हिवाळे तो आवाज कानांशी होत आला होता. मेण किती पुरणार?

आम्ही पुन्हा चालू लागलो. आता मात्र काका बाजूला सरले आणि मला पुढे जाऊ दिलं. मी चार पावलं टाकायची, थांबायची, कान द्यायची. काका माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. भरती लागली होती. बांधाखालच्या चिखलात पाणी बोटाबोटाने वर येत होतं. पाखरू खाली असेल तर थोड्या वेळात वाहून जाईल, मग सापडणं संपलं. काकांनी ते बोलून दाखवलं नाही. पण पाण्यात उतरायच्या तयारीने डोक्यावरची टोपी काढून त्यांनी कमरेला खोचली होती, तेवढ्यावरून मला कळलं.

एका वळणावर मला ऐकू आलं. पंख आपटल्याचा ओला आवाज, मग काही नाही, मग पुन्हा तोच. पण आवाज बांधाच्या बाजूचा नव्हता. मध्ये खाडीचा एक अरुंद फाटा आत आला होता, आणि पाखरू त्याच्या पलीकडच्या तिवरात होतं. फाट्यात पाणी वेगाने भरत होतं.

माझ्या मनात आलं, हा साठीचा माणूस, या पाण्यात आता कसा जाईल. मी नुसती नाही म्हणून मान हलवली असती, तर ते पुढे चालत राहिले असते. मी मनात मरियेचं नाव घेतलं आणि बोट दाखवलं.

"नक्की?" काकांनी विचारलं.

"नक्की. दोनदा ऐकलं."

बांधावर मिठागरवाल्यांची एक फळी पडली होती. काकांनी ती उचलली, चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथे पडले आणि दोन्ही हातांनी चिखल मागे ढकलत निघाले, होडीत निघत तसेच. फाट्यात फळी तरंगली. मधोमध प्रवाहाने ती आतल्या बाजूला ओढली. काकांनी एका हाताने तिवराची मुळं पकडली. मी बांधावरून ओरडून काही उपयोग नव्हता. ते मागे वळून बघत, तेव्हा मी हाताने दाखवी, डावीकडे, अजून डावीकडे. मग ते झाडीत शिरले आणि मला दिसेनासे झाले. फडफड झाली. मग ती थांबली.

परतताना त्यांना बराच वेळ लागला. पाणी वाढलं होतं आणि एक हात बदकात गुंतला होता. मी बांध उतरून गुडघाभर चिखलात गेले आणि फळीचं टोक धरून ओढलं. ते माझ्या पायाशी आले तेव्हा त्यांचं सारं अंग काळं झालं होतं, फक्त डोळे तेवढे पांढरे. बदक त्यांनी बांधावर ठेवलं, त्याची मान नीट केली, पंख मिटवले, आणि स्वतःवर क्रुसाची खूण केली.

"आता भाकरी दे," ते म्हणाले.

 परत होडीपाशी आलो तर धाकू पडून होता. बदक बघून उठला नि म्हणाला, "अरे, काकाचा कान लय तिखट हाय. तिवरातलं पाखरू कोलशेतातनं ऐकतो."

काका माझ्याकडे बघत होते. धाकू काय बोलला ते त्यांना कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. 

मला वाटलं होतं, ते आता बंदूक सोडतील. त्यांच्या एकट्याच्या कानांवर असतं, तर आज ते पाखरू मागे राहिलंच असतं. घराकडे वळताना त्यांनी थोरली बंदूक खांद्यावर घेतली, धाकूला बदकं घेऊन पुढे पाठवलं आणि क्रुसापाशी येऊन थांबले. तिथे घंटेचा दोर वाऱ्याने हलत होता. तो त्यांनी हाताने स्थिर धरला.

"फेली," ते म्हणाले, "शनवारी तुजी शाला नसते. मी आता शनवारीच बार टाकीन. तू बांधावर येशील कं? धाकू घरी जायला खोटं बोलतो. झेवियर मना वाईट वाटंल म्हनून, तूच आधी ऐकलंस, असं खोटं बोलायचा, ते बी मना ठाऊक होतं. तू पोरींना खरं बोलायला शिकवतस. तू ऐकू येईल ते सांग. पानी असंल, चिखल असंल, मी म्हातारा असंन, तरी सांग. आन ज्या दिवशी तू ऐकशील नि माझ्यानं जाववनार नाय, त्या दिवशी तोंडावर सांग, काका, पाखरू राहिलं. मी त्याच पावली ही बंदूक ठान्याच्या कचेरीत नेऊन देईन."

बंदूक त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग पुढे म्हणाले, "आन बाराची घंटा झाली कं माझ्या बाहीला हात लाव. पाखराचं देव नि मी बघून घेऊ. टोपी नाय काढली तं उर्सुला बघून घेईल."