हँडलाचं माप

माणसाची पाठ, त्याचा स्वभाव आणि त्याचा संसार या तिन्हींचं मूळ त्याच्या मोटारसायकलच्या हँडलात असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. डोंगरकडा या गावी त्यांची हळद आहे, केळी आहे, वीसेक शेळ्या आहेत, पण गावात त्यांची ओळख यांपैकी कशानेच नाही. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी मास्तर, म्हणून ते मला सर म्हणतात. त्यात आदर किती आणि दया किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. अशा माणसाच्या हातातून गाडीची चावी काढून घ्यायचं काम गेल्या महिन्यात माझ्यावर आलं. ज्याला वर्गातल्या पोरांकडून मोबाइल काढून घेता येत नाही त्याच्यावर हे काम यावं, यावरून आमच्या नातलगांत माणसांचा किती तुटवडा आहे ते कळेल.

दाजींची माप घ्यायची रीत ठरलेली. तुम्हाला हळदीच्या पोत्यावर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि हात पुढे करायला सांगायचं. हात ताणलेले दिसले की म्हणणार, "काहून ताणून राहिले सर? गाडी पळून चालली का?" कोपरं सैल पडली, खांदे खाली आले, की मुठी जिथं थांबतील ती हँडलाची जागा. ती सुतळीने मोजायची आणि सुतळीला गाठ मारायची. अशा गाठी मारलेल्या सुतळ्यांचा एक जुडगा त्यांच्या ओसरीत खुंटीला टांगलेला आहे, आणि कोणती सुतळी कोणाची हे त्यांना न बघता सांगता येतं. लग्नात जेवायला बसलेल्या पाहुण्याची मान नुसती पाहून ते "हँडल लई खाली हाय" असं निदान करतात, आणि पाहुणा हातातली पुरी तशीच धरून मान चोळायला लागतो. पुतणीला बघायला आलेल्या मुलाची नोकरी, शेती, घरदार सगळं पसंत पडल्यावर दाजी बाहेर जाऊन त्याची गाडी बघून आले आणि म्हणाले, पोरगं गुणी आहे, पण हँडल आखूड आहे, खड्ड्यातून जाताना घाबरत असणार. मुलाने पुढच्या आठवड्यात हँडल बदललं. लग्न झालं. जावई अजून खड्ड्यातून घाबरतच जातो, पण दाजींच्या मते आता ते रुंद हँडलाचं घाबरणं आहे.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं मात्र नाही. एकदा आरामाच्या नादात त्यांनी स्वतःच्या गाडीला इतकं उंच हँडल बसवलं की एक्सलेटरची वायर पुरेना. डावीकडे वळलं की वायर ताणायची आणि गाडी आपणहून पळायला लागायची. नवी वायर येईपर्यंत आठ दिवस दाजी फक्त उजवीकडे वळत गावभर फिरले. कुठे निघालात असं कोणी विचारलं, की "जिकडं उजवं वळण हाय तिकडं" म्हणायचे.

यावर मी पोट धरून हसलो होतो, हे इथं कबूल करायला हवं, कारण माझी पाळी लगेच येणार होती. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि नवीन गाडी घेतली होती. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं खाली वाकलेलं हँडल मी मुद्दाम बसवून घेतलं. दुकानात एकटाच गाडीवर बसलो, समोरच्या काचेत पाहिलं आणि बेहद्द खूश झालो. पंधरा दिवसांत मान आखडली, मनगटांना मुंग्या यायला लागल्या. शाळेत मी पेपर तपासून मान दुखते असं सांगितलं. तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायला आली होती आणि पेपर कधीचे संपले होते.

त्यातच अधिक महिना आला आणि हट्टा गावाहून सासऱ्यांचं धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. जावई म्हणजे त्या महिन्यात देवच. दिवे लावून ओवाळतात, पाय धुतात. मी पांढरी पँट घालून निघालो. मागे बायको, आमच्या दोघांच्या मध्ये तिची गच्च भरलेली पिशवी. त्या पिशवीने मला टाकीवर ढकललं होतं, आणि दुकानात माप घेताना ना बायको मागे होती ना पिशवी. सासऱ्यांच्या अंगणात वळायला मी हँडल पूर्ण फिरवलं तर माझा अंगठा मूठ आणि टाकी यांच्यात अडकला, गुडघा हँडलाला लागला, आणि गाडी अगदी सावकाश, सगळ्यांना नीट बघता यावं अशा बेताने, शेळ्यांच्या गव्हाणीत आडवी झाली. बायको आधीच उतरली होती. तिला माझी सवय आहे. जेवायला आमच्या आधीच पोचलेले दाजी धावत आले आणि त्यांनी आधी हँडल उचललं, मग मला. माझ्या पँटवरचा चारा झटकत हळूच म्हणाले, "हँडल तुमचं हाय सर, पण गाडी दोघांची हाय. मागच्या माणसाला इचारल्याबिगर माप घेऊ नये."

पाय धुण्याचा कार्यक्रम लांबला, कारण पायांना धुण्यासारखं बरंच काही लागलं होतं. जेवण झाल्यावर दाजींनी बायकोला आणि पिशवीला मागे बसवून माझं माप घेतलं. उंच, रुंद, जरा मागे ओढलेलं हँडल आलं. आठ दिवसांत मान मोकळी झाली. शाळा उघडल्यावर मी योगासनं सुरू केली असं सांगितलं.

अशा दाजींचा उजवा खांदा गेल्या वर्षी जखडला. हात वर जाईना, पुढे जाईना. औषधं झाली, शेक झाला. दाजींनी त्यावर आपलाच उपाय काढला. दर महिन्याला हँडल थोडं आणखी मागे ओढायचं. मागच्या महिन्यात फाट्यावर डावीकडे वळताना उजव्या हाताची मूठ सुटली आणि गाडी सरळ जाऊन बांधाला धडकली. मागे सात वर्षांची नात होती. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण घर हादरलं. त्यांच्या मुलाने मला फोन केला. "काका, बाबा तुमचं ऐकतात. चावी घेऊन टाका," म्हणाला. माझं आजवर कोणीच ऐकलेलं नाही, पण फोनवर मी गंभीर आवाजात बघतो म्हणालो.

रस्ताभर मी भाषण पाठ केलं. पोचलो तर दाजी अंगणात गाडीपाशी बसलेले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, बरं झालं आलात, एका हाताने बोल्ट आवळत नाहीत. आणि भाषण तोंडातच ठेवून मी पाना घेऊन बसलो. ज्याची गाडी बंद करायला आलो होतो त्याचं हँडल मी अर्धा तास मागे ओढत होतो, आणि वर, दाजी, अजून थोडं घेऊ का, असं विचारत होतो.

मग ते गाडीवर बसले आणि मला मागे बसायला सांगितलं. गाडी बंदच होती. त्यांनी हँडल डावीकडे पूर्ण फिरवलं. उजवा हात मुठीवरून सुटून मांडीवर पडला. डाव्या हाताने त्यांनी तो उचलून परत मुठीवर ठेवला आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. मी आणखी मागे ओढायला पाना उचलला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. हँडल बराबर हाय."

मग मागे न बघता त्यांनी चावी काढून खांद्यावरून माझ्याकडे केली.

"घ्या. याच्यासाठीच आल्ते ना?"

मी नाही म्हणालो. इतकं उघड खोटं मी हेडमास्तरांशीही बोललेलो नाही. चावी मात्र घेतली.

आता बाजाराच्या दिवशी मी त्यांना आखाडा बाळापूरला माझ्या गाडीवर नेतो. पहिल्या दिवशी ते कसं बसावं ते न कळून दोन वेळा चढले आणि दोन वेळा उतरले; आयुष्यभर ते कोणाच्या मागे बसलेच नव्हते. वाटेत मला शांतता सोसवेना. काहीतरी चूक काढावी, निदान मी कोपरं ताणतोय म्हणावं, म्हणून मी मुद्दाम कोपरं ताणून पाहिली. उपयोग झाला नाही. शेवटी मीच विचारलं, दाजी, मागून कसं वाटतं?

"इथून हँडल दिसत न्हाई, सर," ते म्हणाले. "तुमची पाठच दिसते."

त्यानंतर त्यांचा चांगला हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. ते आणखी काही बोलतील म्हणून मी गाडी हळू केली. मागून चार ट्रॅक्टर पुढे गेले, एक बैलगाडीही गेली. बाजार येईपर्यंत मी कोपरं ताणलेलीच ठेवली, निदान तेवढी तरी चूक ते काढतील म्हणून.