काटेवाडीपर्यंतची जागा

संध्याकाळी बारामती स्टँडवर इंदापूरची एसटी लागली, की एक म्हातारा खिडकीतून टॉवेल आत टाकायचा. भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन चढायचा, टॉवेलाशेजारी बसायचा आणि कुणी विचारलं की म्हणायचा, "मानूस येनार हाय."

मला रागच यायचा. दिवसभर वर्गात उभं राहून माझे पाय दुखत असायचे. काटेवाडीला तो दाराकडं मान ताणून बघायचा. चढणारे चढले, कंडक्टरनं घंटी मारली, की टॉवेल उचलून झटकायचा आणि मला म्हणायचा, "बसा, सर."

एकदा मी विचारलंच, "आबा, कोण येणार असतं?"

"मालकीन माजी. हितं काटेवाडीत रोपांच्या नर्सरीत कामाला हुती. रोज संगं घरी जायचो. गेल्या उन्हाळ्यात वारली."

मी भलतंच विचारून बसलो, "तुम्हाला भीती वाटते का हो मरणाची?"

"जन्माच्या आदी आपुन कुठं हुतो? तवा काय दुखत हुतं का? नसन्याचं भ्या न्हाय." तो टॉवेलाची घडी घालत राहिला. "पर म्या गेल्यावर तिची जागा कोन धरंल?"

हल्ली तो दिसत नाही. परवा त्याच बाकावर मी बसलो होतो. शेजारी एकजण टेकणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "माणूस येणार आहे."

काटेवाडीला दार उघडलं. जिला कधी पाहिलंही नव्हतं, तिची मी वाट बघत राहिलो.