आधी बँडवाल्यांची पंगत

आमच्या गावातल्या निम्म्या भिंती नरसिंग गवंड्याच्या हातच्या आहेत. हुलसूरची बस फाट्यावर सोडते. तिथून चालत आलं की पहिली दिसते ती हायस्कूलच्या कुंपणाची भिंत, तीही त्याचीच. माणूस जाऊन आता दीड वर्ष होईल, भिंत अजून सरळ उभी आहे.

मी उमेदीची वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढली. आधी लुगडी नेसून राण्या केल्या, मग दाढी लावून राजे केले आणि गुडघे बोलायला लागल्यावर गावी परतलो. गाव मला अण्णा म्हणतं. मोठमोठे नट जवळून पाहिले. पण एक शब्द न बोलता अख्खा प्रसंग तोलून धरणारा माणूस मला भेटला तो गावातच, आणि नाटकाशी त्याचा काही संबंध नव्हता.

नरसिंगच्या घरात पूर्वी हलगी होती. दवंडी असो, जत्रा असो की पाटलाच्या घरचं लग्न, वाजवायला याच घरातला माणूस जायचा. नरसिंग विशीत असताना अशी वाजवायचा की वरातीतली घोडीसुद्धा ठेक्यात पाय टाकायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पण वरात मारुतीवरून मांडवाशी आली की हलगीवाल्यांनी बाहेरच थांबायचं आणि आतल्या पंगती उठेपर्यंत वाजवत राहायचं, अशी रीत होती. पंगतीमागून पंगत बसायची. शेवटची उठली की उरलंसुरलं यांच्या फडक्यात पडायचं. वाजवणारा सगळ्यांच्या पुढं चालायचा आणि सगळ्यांच्या मागून जेवायचा.

छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनंही बुद्धाचा धर्म घेतला आणि ठरवलं, गावची हलगी बंद. गाव चिडलं. सुगीला मिळायचं ते धान्य थांबलं. नरसिंग उदगीरला गेला, एका गवंड्याच्या हाताखाली राहिला आणि काही वर्षांनी थापी-ओळंबा घेऊन परत आला. मग ज्यांनी धान्य थांबवलं होतं त्यांनीच त्याला घरं बांधायला बोलावलं. सरळ भिंत सगळ्यांनाच लागते.

हलगीचं त्यानं कातडं काढून टाकलं, लाकडी कड्याला तारेची जाळी ठोकली आणि वाळू चाळायची चाळणी केली. त्याबद्दल कोणी काही विचारलं तर म्हणायचा, "लाकूड चांगलं हाय. फेकायचं कामून?"

मैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या हायस्कूलला बँड आला. तासे, बिगुल, बासऱ्या, झांजांची जोडी आणि एक मोठा ढोल. ड्रिलचे सिद्धप्पा सर कमलापूरकडचे, घरात कानडी बोलणारे. पोरांना वाजवायला त्यांनी शिकवलं आणि एक दिवस माझ्याकडं आले.

"अण्णा, पोरं वाजवतेत बरं, पण चालतेत म्हशी पाण्यावर निघाल्यावानी. गुलबर्ग्याला विभागाची स्पर्धा हाय. जरा राजासारखं चालायला शिकवा की."

मी शिकवलं. पायाकडं बघायचं नाही. समोरच्या माणसाच्या डोक्यावरून बघायचं. चुकलात तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही, चूक पुढच्या पावलाखाली दाबून टाकायची.

सगळं जमत आलं आणि मोठा ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या वडिलांची बदली झाली. मुलगा गेला. ढोल एवढा मोठा की बाकीची पोरं त्याच्यामागं दिसेनाशी व्हायची. तेव्हा सिद्धप्पा सरांनी नववीतल्या राजूबाईला उभं केलं. उंच, रुंद खांद्यांची, बोलण्यात फटकळ. पहिला ठोका पडला आणि सर माझ्याकडं बघून हसले. बँडला कणा मिळाला.

ही राजूबाई म्हणजे नरसिंगची थोरली. आणि कुंपणाच्या भिंतीचं काम त्याच दिवसांत चालू होतं. दोन-तीन दिवस त्याला आवाज नुसता ऐकू आला असेल. चौथ्या दिवशी तो भिंतीवर चढला आणि ढोल कोणाच्या गळ्यात आहे ते त्यानं पाहिलं. खाली उतरला, मैदान ओलांडून आला, लेकीच्या खांद्यावरचा पट्टा काढला, ढोल सावकाश जमिनीवर ठेवला आणि तिला घेऊन घरी गेला. ना आरडाओरडा, ना शिवी. पोरं तशीच उभी राहिली.

संध्याकाळी सर आणि मी त्याच्या घरी गेलो. नरसिंगची बायको चांगुणाबाई हिनं चहा टाकला. नरसिंग भिंतीला टेकून बसला होता.

"वाजवणं आमच्या घरातनं गेलंय, अण्णा. तुमाला ठावं हाय," तो म्हणाला.

"अहो अप्पा, हे लग्नातलं न्हाई, शाळेचं हाय," सिद्धप्पा सर म्हणाले. "पांढरा ड्रेस असतोय, तुऱ्याची टोपी असतीय."

"हलगीवाल्यालाबी पटका बांधायचे, सर."

आतून चांगुणाबाई म्हणाली, "पोरीला एक बार इचारा तरी. सकाळधरनं तोंड फुगवून बसलीय."

"मी वाजवणारच," आतून राजूबाईचा आवाज आला. "मला कुणी बोलवून न्हाई वाजवायला लावलं. मी हात वर केला व्हता."

नरसिंगनं मान वर केली. मग त्यानं सरांना विचारलं, "वाजवून झाल्यावर पोरं जेवतेत कुठं?"

"हे काय इचारायलाव?" सर हसले.

"इचारायलोय."

"जेवतेत की. पंगतीत, सगळी संगं."

"पाव्हण्याच्या आधी का मागनं?"

असं कोणी विचारील हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते म्हणाले, "एकदमच असंल."

"असंल म्हंजे ठावं न्हाई." नरसिंगनं चहाची बशी खाली ठेवली. "पोर यील. पर मीबी येतो. मागनं जेवायला बसवलं तर ढोल तिथंच ठिवून तिला घिऊन येनार. मग नंबर येवो न्हाई तर न येवो."

सर म्हणाले, कबूल.

गुलबर्ग्याचं मैदान म्हणजे काय सांगू! कनातीत पाहुण्यांच्या खुर्च्या, चारी बाजूंना माणसं, चुन्याच्या पांढऱ्या रेघा. शहरातल्या एका शाळेचा बँड तर चकाकत्या पितळेचा होता, पोरांच्या पायात एकसारखे बूट. आमच्या पोरांचे बूट गावभरातून गोळा केलेले. रामकिशन नावाचा वाण्याचा पोरगा झांजा वाजवायचा, त्यानं बापाचे बूट घातले होते आणि पुढं कापूस कोंबला होता.

"अण्णा, बूट मागं राहिला तर?" त्यानं विचारलं.

"तू पुढं जा. बुटाला वाट ठाऊक हाय," मी म्हणालो.

आमची पोरं आत शिरली. राजूबाईचा ढोल सुरू झाला आणि सगळ्यांचे पाय त्या ठोक्याला बांधल्यासारखे पडायला लागले. पाहुण्यांपुढून सलामी देऊन जाताना एका तासेवाल्याची काठी निसटली. त्यानं खाली पाहिलं नाही. दुसऱ्या हातानं वाजवत पुढं गेला, तोंडावर रेघ हलली नाही. मला माझ्या कंपनीतल्या कोणाचाही एवढा अभिमान वाटला नसेल.

नरसिंग माझ्या शेजारी उभा होता. हात पाठीमागं बांधलेले. मी विचारलं, "कसं वाटायलंय?"

"बघायलोय," तो म्हणाला.

दुसरा नंबर आला. पहिला पितळेवाल्यांचा, आणि तो त्यांचाच होता. पण दुसऱ्या नंबराला आमच्या पोरांनी जो गिल्ला केला तो ऐकून पहिले आलेलेही बघायला लागले.

जेवणाची सोय मैदानामागच्या एका लांब पडवीत होती. एका टोकाला पाहुण्यांची पानं, कनात लावून वेगळी केलेली. दुसऱ्या टोकाला पोरांच्या पंगती. सर खरं बोलले होते, पानं एकदमच मांडली होती. आमची पोरं बसली. नरसिंग मात्र बसला नाही. लांब भिंतीला टेकून त्यानं घरून आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं.

वाढपी भात घेऊन निघाले, तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक गृहस्थ घाईघाईनं आला.

"अरे वो दूसरे नंबर के बच्चे किधर हैं? साब लोगां खाने बैठ गए. जरा बाजा चालू रखो, उनका होने तक. मजा आता!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट तो कौतुकानंच आला होता. सिद्धप्पा सरांनाही तो मानच वाटला. "उठा उठा! साहेबांनी बोलावलंय. जेवण काय, मागनं होतंय," असं म्हणत ते टाळ्या वाजवायला लागले. पोरं पानावरून उठली. कोणी बिगुल घेतला, कोणी तासा. राजूबाईनं ढोल उचलला, पट्टा खांद्यावर चढवला आणि तशीच थांबली. तिनं भिंतीकडं पाहिलं.

नरसिंगच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं तोंडात घातला नाही आणि खालीही ठेवला नाही. मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. गावात जे बोलला होता ते करायला तो आता पुढं येईल, असं मला वाटलं. तो आला नाही. त्यानं ते लेकीवर सोडलं.

राजूबाईनं पट्टा उतरवला आणि ढोल खाली ठेवला.

"सर, जेवून वाजवतो."

"अगं, पाव्हणे जेवायलेत तिकडं!"

"जेवू द्या की. आमीबी जेवतो. मग पाहिजे तेवढं वाजवतो. आता न्हाई."

सरांनी दुसऱ्यांकडं पाहिलं. रामकिशन कधीच पानावर परत बसला होता. "सर, मोठ्या ढोलाबिगर झांज कुठं मारायची?" असं म्हणून त्यानं वाढप्याला हाक मारली, "ओ मामा, भात!" मग तासेवाले बसले. बिगुलवाला उभा राहून एकटा काय करणार? तोही बसला.

बिल्लेवाला बघतच राहिला. "मास्टर, साब क्या बोलेंगे?"

आता सिद्धप्पा सरांनी भिंतीकडं पाहिलं. त्यांना त्या संध्याकाळचा प्रश्न आठवला असणार, कारण त्यांचा चेहराच बदलला. ते बिल्लेवाल्याला म्हणाले, "बच्चे भूके हैं. खाके बजाते. साब पूछे तो बोलो, मास्टर बोला."

"ठीक है बाबा," असं म्हणून तो गेला. पुढं काही झालं नाही. पाहुणे बाजाशिवाय जेवले, आणि त्यांना जेवण कमी गेलं असं दिसलं नाही.

सर नरसिंगकडं गेले. "चला अप्पा. बसा आमच्यासंगं."

नरसिंगनं भाकरी परत फडक्यात बांधली आणि आमच्या पंगतीत येऊन बसला.

हात धुऊन झाल्यावर पोरांनी अंगणात बँड लावला. कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणे सुपारी चघळत बाहेर आले आणि उभ्यानं ऐकत राहिले. पोटभर जेवलेल्या पोरांनी काय वाजवलं म्हणून सांगू! स्पर्धेत असं वाजवलं असतं तर पितळेवाल्यांची खैर नव्हती.

परतीच्या बसमध्ये सगळ्यांना शाबासकी मिळत होती. राजूबाई बापाच्या शेजारी बसली होती. आळंद गाव मागं पडलं तसा तो तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "उजवं मनगट आखडायलाय तुजं."

"काय?" ती म्हणाली.

"मनगट. खांद्यानं मारायलीस तू. म्हनून दमायलीस."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून कसं वाजवावं याबद्दल निघालेला हा पहिला शब्द असावा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, तर कुंपणाच्या अर्ध्या भिंतीमागं बापलेक उभे. नरसिंगनं ती वाळूची चाळणी डाव्या हातात हलगीसारखी धरली होती आणि उजव्या हातानं जाळीवर ठोके दाखवत होता. आवाज काहीच येत नव्हता, अडकलेली वाळू तेवढी गळत होती. मी पाय न वाजवता मागं फिरलो.

त्यानं स्वतः पुन्हा कधी वाजवलं नाही. राजूबाई पुढं मास्तरीण झाली, चिंताकी गावाच्या बाजूला नोकरीला लागली. तिचं लग्न आमच्याच गावात झालं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. उदगीरहून बँड आणला होता. पंगतीची पानं मांडली तसे बँडवाले सवयीनं बाहेर एका बाजूला उभे राहिले आणि वाजवायला लागले. नरसिंग बाहेर गेला, क्लॅरोनेटवाल्याच्या दंडाला धरलं आणि त्याला मांडवात घेऊन आला.

पहिली पंगत बँडवाल्यांची बसली. नरसिंग स्वतः बुंदीची बादली घेऊन वाढायला लागला. नवऱ्याकडचा एक म्हातारा तणतणला, "पाव्हणे ताटकळलेत आन् तुमी वाजंत्र्यांना वाढायलाव व्हय?"

"त्येंनी दुपारधरनं वाजवलंय," नरसिंग म्हणाला. "तुमी काय केलंय?"

मांडव हसला, म्हाताराही शेवटी हसला. क्लॅरोनेटवाला मात्र पानाकडं बघत नुसताच बसला होता. आधी जेवायची सवय नव्हती त्याला. इतर कोणी सुरुवात करतंय का ते इकडंतिकडं बघत होता.

नरसिंग त्याच्यापुढं वाकला आणि आणखी एक मूठ बुंदी पानात टाकली. "खा रे बाबा," तो म्हणाला. "तू उठल्याबिगर दुसरी पंगत बसायची न्हाई."