पडद्यामागची टाचणी

“पाठीला टेकायची खुर्ची देतो म्हटलं ना!”

“अठरा वर्षं पाठ नव्हती का मला?”

“पंखाही लावतो. नवाकोरा.”

“पंख्यानं कापड उडतं, मालक. उभ्या जन्मात एकदा जरी बेतलं असतंत ना, तर कळलं असतं.”

“हळू बोल! बाहेर कुणी आलं असलं तर?”

“आलं तर येऊ दे.”

“बरं, पगार वाढवतो. समोरच्या काचेच्या दुकानवाल्यांनी तुला कबूल केलाय तेवढाच. आणि वर पाटीवर घालतो, माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत, ‘आणि कटर’.”

“बारीक म्हणजे किती बारीक?”

“टाचणे, तू भांडायलाच बसली आहेस!”

“बसतेय कुठे? खुर्ची कुठाय?”

मालक हात हवेत उडवून पडद्याबाहेर गेले. तिनं तोंडातून काढलेल्या टाचण्या टेबलावर होत्या, आणि हीच खरी काळजीची गोष्ट होती. काम करताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या. म्हणून तर सगळे तिला टाचणी म्हणत. टाचण्या ओठांत असल्या की बाई मुकी. टाचण्या टेबलावर आल्या की समजावं, आज कुणाची तरी खरडपट्टी निघणार.

दुकान कोट-पँटचं. पुढच्या खोलीत उंच आरसा, गालिचा, गळ्यात टेप घातलेले मालक. मागच्या खोलीत लांबलचक टेबल, खडू, कात्री आणि टाचणी. मध्ये जाड तपकिरी पडदा. शिवणारे कारागीर माडीवर. गिऱ्हाइकांची समजूत अशी, की मालकच माप घेतात आणि मालकच कापड बेततात. खरं म्हणजे मालकांना कात्री धरायची भीती वाटे. कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही, या विचारानंच ते कात्री खाली ठेवत.

पण माप घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. “कंबर चौतीस!” ते खणखणीत आवाजात पुकारत. आरशासमोरचा माणूस दोन इंच उंच व्हायचा. “वा! मागच्या वर्षीएवढीच!” तो म्हणायचा. मग मालक बारीकसं खोकत. एक खोकला म्हणजे एक इंच वाढव. दोन खोकले म्हणजे दोन. पडद्यामागे टाचणी चौतीस ऐकून छत्तीस बेतायची. कोट अंगावर चपखल बसायचा आणि माणूस घरी जाऊन बायकोला सांगायचा, बघ, अजून चौतीसच आहे.

एकदाच घोटाळा झाला. मालकांना सणसणीत सर्दी झाली, आणि त्याच आठवड्यात एका बँडवाल्यांचे कोट आले. मालक खोकत राहिले, टाचणी वाढवत राहिली. कोट घालून बँड उभा राहिला तेव्हा पाच तंबू वाजवतायत असं दिसत होतं. तुतारीवाल्याचे हात बाह्यांमधून बाहेरच येईनात. तेव्हापासून नियम झाला: सर्दी झाली तर खोकायचं नाही, फूटपट्टीनं टेबलावर टकटक करायचं.

इतकं सगळं छान चाललं असताना माशी शिंकली ती बाजारात. टाचणी भाजी घेत होती आणि पुढे एक पाठ चालली होती. पाठ तिच्या ओळखीची. डावा खांदा उतरलेला, म्हणून तिथे आतून पातळ गादी दिलेली. कोट तिनंच बेतलेला. गावातली अर्धी माणसं ती अशीच ओळखायची, पाठीवरून. चेहरा एकाचाही माहीत नव्हता. कोटाचं मागचं टोक जरा दुमडलं होतं, आणि तिला राहवेना. तिनं जाऊन ते सरळ केलं.

माणूस गर्रकन वळला. “काय हो बाई?”

“काही नाही. दुमडलं होतं.”

“बघा ना, काय कोट शिवलाय!” तो गृहस्थ खुलून म्हणाला. “तो शिंपी जादूगार आहे. मापावरूनच माणूस ओळखतो.”

टाचणी हसली. घरी येऊन मात्र तिनं भाजी अशी चिरली, की सासूबाईंनी विळी काढून घेतली.

माडीवरचा कुणी कारागीर बोलला असावा, दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या काचेच्या भिंतींच्या नव्या कोट-पँटच्या दुकानातून तिला बोलावणं आलं. तिथला व्यवस्थापक म्हणाला, “तुम्ही पुढे उभ्या राहायचं. मापं तुम्ही घ्यायची.” एवढंच तिच्या कानात शिरलं. पगाराचा आकडा तर तिला दुसऱ्यांदा विचारावा लागला.

आणि आता मालक खुर्ची, पंखा, पाटी, पगार असं सगळं एका दमात देऊ करत होते. उत्तर उद्यापर्यंत हवं होतं. इकडेही आणि तिकडेही.

“म्हणजे वरातीमागून घोडं,” संध्याकाळी घरी सासूबाई म्हणाल्या. त्या पंचवीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत बसलेल्या. अजूनही समोरचा कुठल्या खोलीतून बोलतोय हे त्यांना आवाजावरून कळे. “तू बसली होतीस तेव्हा त्याला खुर्ची आठवली नाही. तू उठलीस तेव्हा आठवली.”

“आई, मी बसले नव्हतेच.”

“तेच तर! मग जा ना समोर.”

“जाऊ?”

“मला काय विचारतेस? मला विचारून इथे आली होतीस का सून म्हणून?”

“तुम्हीच तर बघायला आला होतात!”

“हो, पण मी पाठ बघून पसंत नाही केली. समोर बसवून चेहरा बघितला.” सासूबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. “तूही तेच कर. दुकान आतून बघून ये. काचेतून सगळं चकचकीतच दिसतं.”

सकाळी टाचणी काचेच्या दुकानात गेली. दिवे असे, की दोरा ओवायला डोळे बारीक करायला नकोत. गिऱ्हाईक एका गोल पाटावर उभं राहिलं, भिंतीवरून हिरवी रेघ वरून खाली फिरली आणि संगणकाच्या पडद्यावर सगळी मापं आली.

“मग टेप कशाला?” टाचणीनं विचारलं.

“गळ्यात घालायला,” व्यवस्थापक म्हणाला. “लोकांना आवडतं. तुम्ही हात लावल्यासारखं करायचं.”

“आणि बेतायचं कुठे?”

“बेतणं बाहेरगावी. यंत्रावर. तुम्हाला कात्रीचा त्रासच नाही!”

त्रासच नाही म्हणे! टाचणीला एकदम हसू फुटलं. इकडे कापड होतं तर माणूस नव्हता, तिकडे माणूस होता तर कापड नव्हतं. ती इतकी मोकळी हसली, की व्यवस्थापकही काही न कळता हसला. त्याचे आभार मानून ती रस्ता ओलांडून आली. काल रात्रभर जड झालेलं डोकं पिसासारखं हलकं झालं होतं. तिला काय हवं होतं ते आता तिला बोट दाखवून सांगता येत होतं.

मागच्या खोलीत टेबलाशी खुर्ची आली होती. पाठीची. वर फडकंही टाकलेलं. मालक तिच्याशेजारी परीक्षेला बसल्यासारखे उभे.

“खुर्ची छान आहे,” ती म्हणाली. “तुम्ही बसा.”

“म्हणजे?”

“पंखा नको, पाटी नको. मी बेतीन त्याचं माप मी घेईन. पडद्याबाहेर. माणसाच्या तोंडाकडे बघून.”

मालक खरंच खुर्चीत बसले. “अगं, पण मी लोकांना इतकी वर्षं काय सांगत आलोय!”

“की तुम्ही जादूगार आहात. मग आता दोन जादूगार. दुकान वाढलं म्हणायचं.”

“आणि आकडा? तू खरा आकडा सांगशील! माझी गिऱ्हाइकं आकडा ऐकायला येतात, टाचणे. कोट तर कुठेही मिळतो.”

“खोकता मलाही येतं.”

मालकांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं, तरी थोडं सुटलंच. तेवढ्यात पुढे दार वाजलं. “अहो, आहे का कुणी? नवा कोट शिवायचाय!” आवाज कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचा. दुकानाच्या गिऱ्हाइकांतला अंगानं सगळ्यात मोठा माणूस. त्यांचं माप घेतलं की मालक चार वेळा खोकत. तिनं त्यांचे किती कोट बेतले असतील! पाठ अशी पाठ, की नकाशा काढावा.

मालक ताडकन उठले. “हे नकोत! सुरुवात कुणा बारीक माणसापासून कर.”

टाचणीनं हात पुढे केला. मालकांनी गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं घट्ट धरली, मग एक सोडलं. दुसरं तिनं ओढलं. टेप सुळकन तिच्या हातात आली. ती तिनं गळ्यात घातली आणि आरसा नव्हता म्हणून मालकांच्या चष्म्यात बघून नीट केली.

“ऐक, ऐक,” मालक कुजबुजले. “ते विचारतील, कंबर किती. विचारतातच! खरं सांगणार की माझ्यासारखं? टाचणे, एवढं तरी सांगून जा!”

टाचणीनं टेबलावरच्या टाचण्या उचलल्या, एकेक करून ओठांत धरल्या, पडदा बाजूला सारला आणि बाहेर गेली.